आधी पातळभाजी, मग शिसवी खुर्ची

प्रश्न : ताई, आम्ही दोघं डिसेंबरात दक्षिण गोव्यात येतोय. किनारे पाहून झालेत. गावची माणसं जिथे खातात तिथे खायचंय आणि घरासाठी एखादी खरी जुनी वस्तू न्यायची आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मडगावातून करा, आणि सकाळी आठच्या आत. उशिरा गेलात तर पातळभाजी संपलेली असते. कॅफे ताटोसारख्या ठिकाणी पातळ आणि सुकी भाजी एकत्र मागा, सोबत पाव आणि मिरची भजी. शेवटी गोड बन आणि चहा. एवढ्यावर दुपारपर्यंत हिंडता येतं.

दुपारच्या मासळीच्या थाळीसाठी पाटी पाहू नका. न्यायालयातली, बँकेतली माणसं कुठल्या खाणावळीत शिरतात ते पाहा, आणि दीडच्या आत पोचा. मालकाला एवढंच विचारायचं, ‘आज बाजारात काय आलं?’ बांगड्याची उड्डामेथी केली असेल तर दुसरं काही मागवू नका. मेथी, उडीद आणि नारळाचं ते वाटण हॉटेलच्या छापील यादीत क्वचितच सापडतं. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासळी शिजत नाही. त्या दिवशी खतखतं, म्हणजे तिरफळं घातलेली मिश्र भाज्यांची आमटी, मिळालं तर सोडू नका. संध्याकाळी नगरपालिकेसमोरचं लोंगिनोस हे हॉटेल, १९५० पासूनचं. तिथले कोळंबीचे रिसॉइस, म्हणजे सारण भरून तळलेल्या करंज्या, खा. केप्याला जाणार असाल तर १७८७ सालच्या पालासिओ दो देआंव या वाड्यात इंडो-पोर्तुगीज जेवण मिळतं, पण आधी सांगून ठेवावं लागतं.

आता जुन्या वस्तू. कृपा करून पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. आधी डोळा तयार करा. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घरात जा. लांबच लांब दर्शनी बाजू, आत दोन कुटुंबांचे दोन भाग. तिथल्या कोरीव खुर्च्यांचे पाय, हात, वेताची वीण नीट पाहा. मग बाणावलीचं गोवा चित्र. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या वापरून ते संग्रहालय उभं केलंय, आणि तिथे नांगर, घाणा, रगडा, मापं अशी कष्टाची हत्यारं आहेत. मला विचाराल तर गोव्याची खरी जुनी श्रीमंती तीच.

मग दुकानात जा आणि खुर्ची उलटी करा. पॉलिश वरून कुणीही चढवतो. खालची बाजू कोरडी, असमान, हातकरवतीच्या खुणांची असावी. हातांच्या कडा जिथे तळवे टेकतात तिथेच झिजलेल्या हव्यात; सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिशपेपरचं काम. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर सावध व्हा, तो १९३० च्या दशकानंतरचा. दुरुस्तीत बसवलेला असू शकतो, पण मग दुकानदाराने तसं सांगायला हवं. शिसवी लाकूड जड असतं; खुर्ची एका हाताने सहज उचलली गेली तर प्रश्न विचारा. पायाशी पिठासारखा भुगा दिसला तर घेऊच नका, ती कीड तुमच्या सांगलीच्या कपाटात शिरेल.

हे सामान दुकानात येतं कसं, तेही जाणून घ्या. इथल्या नागरी कायद्याने मुला-मुलींना सारखा वाटा. एका घराचे वीस-पंचवीस वारस, अर्धे लिस्बनला नाहीतर मुंबईला. घर कुलुपात, छप्पर गळतं, आणि शेवटी सामान हातगाडीवर चढतं. म्हणून मी प्रत्येक वेळी विचारते, ही वस्तू कुठल्या गावची, कुणी विकली? गावाचं नाव सांगणारा आणि पक्कं बिल देणारा दुकानदार निवडा, दोन पैसे जास्त गेले तरी.

देवळातली मूर्ती, चॅपेलमधला संत, घरच्या ओरातोरमधली (ख्रिस्ती देव्हाऱ्यातली) चित्रं घेऊ नका. ती चोरीची असू शकतात, आणि नसली तरी ती कुणाच्या तरी प्रार्थनेची जागा होती. हस्तिदंताची खरेदी-विक्री तर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच आहे. त्यापेक्षा अंघोळीचं पाणी तापवायची तांब्याची भाण घ्या. तीत झाड लावा, पाणी भरा, वापरा.

प्रश्न : आजोळची शिसवी पेटी मुलाकडे कॅनडाला पाठवता येईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : शंभर वर्षांहून जुनी असेल तर बहुधा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वय कमी वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या. तो मिळाल्याशिवाय कुरियरवाल्याला बोलावू नका. आणि अर्जाला जोडायचे फोटो काढताना पेटी उघडून आतला, तळाचा आणि कडी-कोयंड्याचाही फोटो घ्या.