एक्सपीवाल्या जुन्या पीसीचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कसा घ्यायचा?

काकांच्या आडतीवरचा विंडोज एक्सपीचा पीसी, त्यात टॅली ७.२ (हिशेबाचं सॉफ्टवेअर) अन् जुन्या फॉन्टमधली पत्रं, आणि एक्सपीतल्याच बॅकअप प्रोग्रामनं सगळं एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. चालतंय, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. माझं लातूरला मोंढ्याजवळ रिपेरिंगचं दुकान आहे, असले पीसी अजून येतेत, मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच एक्सपीचा सपोर्ट बंद केला पण आडत्याला त्याचं काय, पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) निघायली ना मग झालं.

आधी डिस्क बघा. नवीन डिस्क एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइली ठेवायची एक पद्धत, एनटीएफएस अन् फॅट३२ ह्या दुसऱ्या) असली तर जुन्या एक्सपीला ती कळतच नाही, लावल्या लावल्या 'फॉरमॅट करायचं का' विचारतो. डिस्क कोरी असेल तर बिनधास्त एनटीएफएसमध्ये फॉरमॅट मारा, पण तिच्यात आधीचे लग्नाचे फोटो-बिटो असतील तर हो म्हणू नका बरं. अन् २ टीबीच्या वरची डिस्क घेऊच नका, तेवढ्या मोठ्या डिस्कला जीपीटी नावाची मांडणी लागते अन् ३२ बिट एक्सपी ती वाचत नाही, तुम्हाला ५०० जीबी रग्गड झाली.

जुनीच डिस्क वापरणार असाल तर ती फॅट३२ तर नाही ना हे बघा. मी एकदा रात्री बॅकअप लावून घरी गेलो, सकाळी शटर उघडून बघतो तर ४ जीबीला येऊन अडकलेला, आणि गिऱ्हाईक दारात उभं! फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढं जात नाही अन् हा प्रोग्राम सगळं एकाच बीकेएफ (बॅकअपच्या) फाइलीत कोंबतो, चूक माझीच.

डिस्क मागच्या यूएसबी पोर्टलाच लावा, पुढच्या पोर्टला कधी कधी पॉवर पुरत नाही, डिस्क नुसती टक टक करत बसते. पोर्ट यूएसबी १.१ चा निघाला तर सेकंदाला जेमतेम १ एमबी जातंय, म्हणजे ४० जीबीला अकरा-बारा तास, आणि मध्ये लाइट गेली की परत पहिल्यापासून. त्यापेक्षा आतली आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरनं दुसऱ्या लॅपटॉपला लावा, तासाभरात काम होतंय. आतल्या डिस्कचाच आवाज यायला असेल तर चेकडिस्क (डिस्क तपासायचा प्रोग्राम) वगैरे काही करत बसू नका, आधी डेटा बाहेर काढा.

आता मुख्य गोष्ट. विस्टापासून पुढं हा बॅकअप प्रोग्राम विंडोजमधून काढून टाकलाय, त्यामुळं उद्या पीसी गेला तर विंडोज १० वर ती बीकेएफ फाइल सरळ उघडायची नाही. म्हणून बीकेएफ घ्या, पण टॅलीचा डेटा फोल्डर, पत्रांचा फोल्डर आणि विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर साध्या कॉपी-पेस्टनंही डिस्कवर टाका. फॉन्ट्स लोक हमखास विसरतेत, मग 'प्रति, मा. सचिव' च्या जागी नवीन मशीनवर नुसती चिन्हांची खिचडी दिसतीय.

पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, पाहिजे असेल तर क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे, ३२ बिटवाली सीडीवर राइट करा, असल्या पीसीत पेन ड्राइव्हवरून बूट होईलच असं नाही. घोस्ट ह्या तसल्याच प्रोग्रामची जुनी सीडी पडली असेल तर तीही चालते, पण ती इमेज दुसऱ्या मदरबोर्डवर टाकली की बहुतेक वेळा निळी स्क्रीन येती, त्यामुळं इमेज त्याच पीसीसाठी समजा.

सुरू करायच्या आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख २००२ दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, नाहीतर कोणता बॅकअप कधीचा हेच कळायचं नाही.

झाल्यावर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून एखादी जुनी तुरीची पट्टी उघडा, काकांना शेजारी बसवून. आकडा बरोबर आहे का हे ते नुसतं बघून सांगतेत.