आधी गुरांची वाट शोध

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या दक्षिणेला क्वेनेंग या जुन्या उजाड शहराचे अवशेष पाहायला निघाला आहेस, तर नुसत्या दगडी भिंती मोजू नकोस. आधी गुरांची वाट शोध. दोन समांतर भिंतींमधून जनावरं मधल्या गोठ्यात यायची. हे शहर वसवणाऱ्या सोथो-त्स्वाना लोकांच्या वाड्याचा गाभा तोच. तो कळला की भोवतालची अर्धवर्तुळाकार अंगणं, झोपड्यांच्या जागा, कणगींखालचे दगडी ओटे आपोआप ओळखू येतात. राखेचे उंचवटे तुडवू नकोस, हाडं-खापरं तिथेच असतात.

झुडपांमुळे जमिनीवरून फारसं दिसत नाही. लायडारने, म्हणजे हवेतून केलेल्या लेझर मोजणीने, तिथे सुमारे ८०० वाडे दाखवले, ते नकाशे घेऊनच जा. आणि कुणी ‘गोरे येण्याआधी हा मुलूख रिकामाच होता’ म्हणालं, तर ठामपणे खोडून काढ. १८२० मध्ये जॉन कॅम्पबेल हा मिशनरी काडित्श्वेने या दुसऱ्या त्स्वाना शहरात पोचला, तेव्हा तिथे हजारो माणसं नांदत होती.