गच्चीवरून काळा तेजोमेघ
जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून काळा तेजोमेघ टिपायचाय ना, मग सुरुवात बर्नार्ड ३३ म्हणजे मृगातल्या, घोड्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या हॉर्सहेडपासूनच कर. काळा तेजोमेघ स्वतः उजळत नाही, मागचा उजेड अडवतो. त्यामुळे शहराचा झगमगाट त्याला पार गिळतो. हॉर्सहेडच्या मागे मात्र हायड्रोजनची लाली आहे, तिथे एच-अल्फा फिल्टर (फक्त हायड्रोजनचा तो लाल उजेड आत सोडणारा) खरंच कामाला येतो. बर्नार्ड ७२ हा दुसरा काळा तेजोमेघ मात्र नुसत्या ताऱ्यांवर पसरलेला. त्याला तो फिल्टर निरुपयोगी, त्यासाठी शहराबाहेर, सरळ नान्नजच्या अंधाऱ्या माळाकडे जा.

जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मृग उंच चढतो, हॉर्सहेड तेव्हाच शूट कर. आणि फ्लॅट फ्रेम्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, धुळीचे डाग नंतर वजा करायला) घेच, बाबा! सेन्सरवरच्या धुळीची गोल सावली हुबेहूब तेजोमेघासारखी दिसते. माझ्या चार रात्री त्यातच गेल्या.