मतदारयादी, ग्रामसभा आणि एसटीची सकाळची फेरी : विद्यार्थ्यांच्या नागरी सहभागाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. मतदार दिनाची शपथ, प्रभातफेरी, वृक्षारोपण सगळे होते. विद्यार्थी छायाचित्रापुरते येतात आणि पांगतात. त्यांना सार्वजनिक कामाची गोडी कशी लावावी?

उत्तर : यात दोष विद्यार्थ्यांचा कमी आणि उपक्रमांचा अधिक आहे. शपथेवाचून कोणाचे काही अडत नाही, म्हणून ती घेणाऱ्यालाही तिची जबाबदारी वाटत नाही. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. एवढा वेळ हाताशी असताना तो देवळापुढचा रस्ता झाडण्यात घालवणे मला उधळपट्टी वाटते. (श्रमदानाने भूक चांगली लागते, हे मान्य.)

त्याऐवजी शिबिराच्या पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा मिळवावा. तो ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरही पाहता येतो. चौघांच्या प्रत्येक गटाला त्यातले एकच पूर्ण झालेले काम द्यावे. ‘बंदिस्त गटार’ असे जिथे लिहिले आहे तिथे ते खरोखर आहे का, कुठून कुठवर आहे, झाकणे शाबूत आहेत का आणि पाणी शेवटी कोणाच्या शेतात सोडले आहे, हे त्यांनी टेप घेऊन मोजावे आणि मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) बसून कागदावरच्या आकड्यांशी ताळा घ्यावा. हाती आलेले टिपण ग्रामसभेत मांडण्याचे काम मात्र गावातल्याच मतदाराकडे सोपवावे, कारण ग्रामसभेचा सदस्य तोच असतो. पाहुण्यांनी सरपंचांना जाब विचारला की विषय गटारावरून मानापमानावर जातो. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे, तेव्हा पुढच्या सभेला गटातल्या दोघांनी तरी श्रोते म्हणून जाऊन बसावे. ज्याने गटार मोजले आहे, त्याला त्याचे पुढे काय झाले याची उत्सुकता आपोआप असते.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला असून पुण्यात वसतिगृहात राहतो. मतदार म्हणून नाव कुठे नोंदवावे?

उत्तर : दोन्हींपैकी एका ठिकाणी, दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. त्यासाठी नमुना ६ सोबत संस्थेचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडावे. गावी आधीच नाव असेल, तर ते हलवण्यासाठी नमुना ८ भरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात) असल्याने अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर थांबण्याचे कारण उरलेले नाही. एक गोष्ट लक्षात घ्यावी : महापालिका आणि ग्रामपंचायत यांच्या मतदारयाद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात, म्हणजे या निर्णयाने तुमचा नगरसेवक की सरपंच, हेही ठरते. पुण्याचे पाणी आणि बस तुम्ही चार वर्षे वापरणार असाल, तर मी पुणे निवडीन.

प्रश्न : मुलगी विद्यार्थी संघटनेत जाऊ लागली आहे. शिक्षणाचे नुकसान होईल, अशी भीती वाटते.

उत्तर : हजेरी आणि निकाल यांवर लक्ष ठेवावे, संघटनेवर नव्हे. विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने केलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या शिफारशींतही उमेदवाराला ७५ टक्के हजेरीची अट आहेच.

प्रश्न : आमच्या गावाहून महाविद्यालयाला येणारी सकाळची एसटी वारंवार रद्द होते. निवेदने देऊन झाली. पुढे काय करावे?

उत्तर : निवेदनात तक्रार असते, पुरावा नसतो. तो माहितीच्या अधिकारातून मिळवावा. राज्यातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. प्रश्नाची शब्दरचना महत्त्वाची आहे. ‘गाडी का येत नाही?’ असे विचारल्यास गुळमुळीत उत्तर येते. त्याऐवजी असे लिहावे : ‘१ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात अमुक मार्गावरील सकाळी ६.४५ च्या नियोजित फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्यांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी नोंदवलेले कारण, यांच्या अभिलेखाची प्रत मिळावी.’ दरम्यान त्या गाडीने येणाऱ्यांनी एका वहीत रोजची नोंद ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले, की दोन्ही याद्या शेजारी ठेवून आगार व्यवस्थापकांची वेळ घ्यावी आणि प्राचार्यांचे पत्र सोबत न्यावे. उत्तर आलेच नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे वीस रुपयांच्या स्टॅम्पसह अपील करावे.