वाचक विचारतात : भट्टीचा धूर गेला कुठं?

कोल्हापूरजवळच्या उचगावहून एका ताईंचं पत्र आहे. "माझे मिस्टर शिरोलीत एका फाउंड्रीत आहेत. पूर्वी तिथं क्युपोला, म्हणजे कोळशावरची उंच भट्टी, होता, घरी आले की शर्टाला धुराचा वास यायचा. आता विजेची भट्टी बसवली. मुलगी दहावीला आहे, म्हणते पप्पांच्या कारखान्याचं प्रदूषण संपलं. तीच परत म्हणते, पुढं कोळसा बंद होणार. मग कारखान्याचं काय? मला झोप लागत नाही."

ताई, मी स्वतः ३१ वर्षं भट्टीवर काढली, त्यातली १९ क्युपोलावर. पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा पहिला घाणा, निघेपर्यंत भट्टीत माल टाकायच्या दारापाशी उभं राहिलं की डोकं धरायचं. तो कार्बन मोनॉक्साइड होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मिस्टरांच्या छातीतला तो धूर गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण धूर संपला नाही, लांब गेला. हिशेबच मांडतो. क्युपोलात एक टन लोखंड वितळवायला साधारण १२० ते १५० किलो कोक लागायचा. कोक म्हणजे भाजलेला कोळसा. मूळ कोळसा धरला तर दोनशे किलोच्या घरात जातो. विजेच्या भट्टीला टनाला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. कोळशावरच्या एका युनिटमागं सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि देशातल्या विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचा आहे. म्हणजे टनामागं तीनशे किलोच्या जवळपास कोळसा आजही जळतोच. तो चंद्रपूरसारख्या ठिकाणी जळतो, जिथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. आपल्या देशी कोळशात शंभर किलोला तीस-चाळीस किलो राख असते. तीही तिकडंच राहते.

माझी धाकटी बहीण चंद्रपूर जिल्ह्यात दिली आहे. गावाजवळ कोळशाची उघडी खाण आहे. दोरीवरचं लुगडं काढताना ती आधी झटकते, मग घडी घालते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडं राहिलो, तेव्हा माठावरचं फडकं दिवसातून दोनदा बदलताना पाहिलं. शिरोलीतली हवा निवळली, त्याची किंमत माझी बहीण मोजते आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

तरी विजेची भट्टी हे पाऊल योग्यच. क्युपोलाला कोकशिवाय पर्याय नव्हता, उन्हावर तो पेटला नसता. विजेच्या भट्टीला वीज कुठून आली याच्याशी देणंघेणं नाही. उन्हाची द्या, वाऱ्याची द्या, कोयनेची द्या, लोखंड तसंच वितळतं. एकदा भट्टी बदलली की पुढचा बदल तारेच्या पलीकडच्या टोकाला करायचा असतो.

इथं हीटची वेळ महत्त्वाची. आमच्या काळी रात्रीची वीज स्वस्त, म्हणून हीट रात्री काढायचो. रात्री ऊन नसतं, त्या वेळी भार कोळशावरच पडतो. कोयना आहे १९६० मेगावॅटची, पण पश्चिमेकडं वळवायचं तिचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीला (अब्ज घनफुटांना) बांधलेलं. ते संध्याकाळच्या गर्दीच्या तासांना पुरवून वापरावं लागतं, रात्रभर सोडता येत नाही. केंद्रानं २०२३ मध्ये नियम केला, की सौर तासांतली, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळेतली, वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त असावी. मिस्टरांना मालकांशी बोलायला सांगा, हीट दिवसपाळीला घेता येतील का. बिल उतरेल, कोळसा वाचेल आणि मिस्टर रात्री घरी असतील.

आता तुमच्या झोपेचं. कोळसा कमी झाला म्हणून ओतकाम थांबणार नाही. पवनचक्कीचा हबसुद्धा ओतलेल्या लोखंडाचाच असतो. पाण्याचे पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची घरं, सगळं लागणारच. मला काळजी वाटते ती वेगळी. तुमच्या कारखान्यात इंजिनाचे ब्लॉक आणि हेडच ओतत असतील, तर विजेच्या गाडीला ते लागत नाहीत. तेव्हा तिथं सध्या काय ओतलं जातं, ते मिस्टरांना विचारा आणि मला परत लिहा. पंपाचं काम असेल, तर निवांत झोपा.

कागलहून एक निवृत्त शिक्षक विचारतात, "गच्चीवर सोलर बसवू का? आपल्याकडं पाऊस किती, सर!"

बसवा, गुरुजी. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. वर्षाची सरासरी धरली तर रोज चार युनिट निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं ती निम्म्यावर येते, हे खरं. पण नेट मीटर, म्हणजे दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, असला की एप्रिल-मेची जादा युनिटं जमा राहतात आणि पावसाळ्यात वळती होतात. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. दोघंच असाल तर दोन किलोवॅट पुष्कळ झाले.

एक मात्र सांभाळा. हंगामात गुऱ्हाळांची आणि साखर कारखान्यांची काजळी गच्चीवर उतरते. ती चिकट असते, नुसत्या वाऱ्यानं जात नाही. आठवड्यातून एकदा पहाटे, काचा गार असताना, साध्या पाण्यानं मऊ फडकं फिरवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.