एकतीस पर्सेंटाइल म्हणजे नापास का?

"पस्तीसला पास असतंय ना? आमच्या पोरीला तर एकतीसच पडलेत."

लातूरच्या एका वडिलांनी समुपदेशनाला आल्या आल्या एक कागद पुढं सरकवला आणि हा प्रश्न विचारला. मुलगी साडेदहा वर्षांची. दुसरी झाल्यावर शाळेतून काढली, तेव्हापासून घरीच शिकते, आईकडून, मराठीतून. आई बी.एस्सी. झालेली, वडिलांचं सोलर पंप बसवण्याचं काम. आजोबांना हे आधीपासूनच पटलेलं नव्हतं. ज्या शहरात रिक्षाच्या पाठीवरही क्लासची जाहिरात असते, तिथं नात मार्कांवाचून वाढायली म्हटल्यावर त्यांना झोप कशी लागावी?

आत्या अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात राहते. तिथल्या कायद्याप्रमाणे घरी शिकणाऱ्या मुलाची वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घ्यावीच लागते. तिनं स्वतःच्या मुलाबरोबर भाचीचीही ऑनलाइन चाचणी घेतली, पाचवीच्या पातळीची. वाचन ३१, गणित ३८, आणि गणितापुढं आणखी एक आकडा, ३.६. आजोबांनी निकाल लावून टाकला: वाचनात नापास, गणितात काठावर पास.

हा घोटाळा इतक्या घरांत होतो की तो आधी सोडवावा लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ३१ पर्सेंटाइल म्हणजे ज्या मुलांवर ती चाचणी बेतली, त्यांच्यातल्या साधारण शंभरातल्या एकतीस जणांच्या पुढं ही आहे. किती प्रश्न बरोबर आले, ते त्यातून कळत नाही. अर्ध्याहून जास्त बरोबर असूनही ३१ पर्सेंटाइल येऊ शकतो. अशा चाचण्यांत नऊ पट्टे धरतात आणि चौथा ते सहावा पट्टा सर्वसाधारण मानतात. चौथा पट्टा २३ च्या आसपास सुरू होतो. म्हणजे तिचे दोन्ही आकडे मधल्या गटातले. शिवाय आकडा काही दगडावरची रेघ नसते. तीच मुलगी तीच चाचणी महिन्याभरानं देईल तर पाच-दहानं सहज इकडेतिकडे होऊ शकतो.

३.६ चा अर्थ आणखी फसवा. 'पोरगी तिसरीतच अडकली' असं घरच्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्या पेपरात तिसरीच्या सहाव्या महिन्यातलं सरासरी मूल जेवढे गुण घेईल असा अंदाज असतो, तेवढे तिला पडले. ती तिसरीचं गणित करते, असं त्यातून निघत नाही. आकडा ७.२ आला असता तरी तिला सातवीचं गणित येतं असं धरायचं नसतं.

आणि मुळात तुलना कुणाशी? तिकडच्या, इंग्रजीतून शिकलेल्या मुलांशी. गणितात क्वार्टर आणि डाइमची नाणी, इंच, फॅरनहाइट. मुलगी आईला म्हणाली, "क्वार्टर म्हणजे पाव ना? मग पाव कशाचा?" उत्तर चुकलं ते नाण्यापाशी. असा पेपर घरी मराठीत करून दिला तरी भागत नाही, कारण भाषा बदलली की मूळ तुलनेचे आकडे लागू राहत नाहीत. खरं तर त्या कागदाचा इथल्या कुठल्याच प्रवेशाला उपयोग नाही.

मग मोजायचं कशानं? शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरावा लागतो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (आता त्याचं नाव 'परख') नमुन्यातल्या शाळांत होतं आणि एकेका मुलाचा निकाल देतच नाही. या घराला खरं तर दोन गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: येत्या जूनमध्ये शाळेत घालायचं झालं तर ती पाचवीत बसेल का, आणि नाही घातलं तर पुढं दहावीला कशी बसेल. चाचणी त्यावरून ठरते. आधी चाचणी घेऊन मग तिचा उपयोग शोधला की असे कागद घरात साठतात.

पहिल्या प्रश्नासाठी पाया पाहिला, गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या धर्तीवर. मूल एकटं, समोर एकच मोठं माणूस. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद. तीनपेक्षा जास्त चुका न होता वाक्यं सलग वाचली तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाहीतर खाली उतरून शब्द. मग दोन अंकी हातच्याच्या दोन वजाबाक्या आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागाकार. वीस मिनिटांत सगळं झालं. वाचन सरळ, भागाकार बरोबर. पण हा फक्त पाया. त्याच्या वरचं यातून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बालभारतीच्या चौथीच्या पुस्तकांवरून काढलेले तीस प्रश्न, कागदावर, साठ मिनिटं. घरी नाही, शेजारच्या काकूंच्या बैठकीत. आईनं पेपर घेतला की तो पेपर राहत नाही. मूल अडलं की आई "हं" म्हणते, "नीट बघ" म्हणते, गप्प बसली तरी भुवई हलते, आणि घरी शिकणारं मूल आईची भुवई पुस्तकापेक्षा चांगली वाचतं.

तीसपैकी सतरा बरोबर, पाच चूक, शेवटचे आठ कोरे. कोऱ्या आठांना वेळ पुरला नव्हता: सातव्या प्रश्नावर ती अकरा मिनिटं बसून होती, कारण घरी प्रश्न सुटल्याशिवाय पुढं जायची पद्धतच नव्हती. तेच आठ प्रश्न संध्याकाळी दिले, तर सहा सुटले. चुकलेल्या पाचांपैकी तीन एकाच जातीचे. ४०३ वजा १८७ चं तिचं उत्तर ३१६. एककाला दशकाकडून घ्यायचं, तिथं शून्य, म्हणून शतकाकडं गेली, शून्याचे नऊ केले, आणि चाराचे तीन करायचे विसरली. हाच हिशोब तोंडी विचारला: चारशेतीन रुपयांतले एकशेसत्याऐंशी खर्च झाले, उरले किती? "दोनशेला तेरा कमी, वरचे दोनशेतीन, दोनशेसोळा." कागदाला हातही लावला नाही.

गणित कच्चं असा शेरा अशा मुलीवर मारू नये. लिहायची रीत राहिली होती. तीन आठवडे रोज पाच वजाबाक्या, त्याही मधे शून्य असलेल्या, खेळातल्या नोटा मोडून: शंभराची एक मोडली की दहाच्या दहा, त्यातली एक मोडली की सुटे दहा, आणि शंभराच्या किती उरल्या ते आधी लिहायचं. वेळेसाठी शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका वापरल्या. ७५ प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला बहात्तर सेकंद. नाही सुटला तर खूण करून पुढं. उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवताना मधला प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एकेक ओळ सरकतात, म्हणून दर दहा प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहायचा.

शाळेत घालायचं तर पाचवीपर्यंत वयानुरूप प्रवेश मिळतो, त्यासाठी चाचणी घेता येत नाही. सहावी ते आठवीत मात्र महाराष्ट्रात आता पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण असणं लागतं. म्हणून या घराला जूनची घाई होती. एक वर्ष हातचं गेलं की वाट बदलते.

घरीच ठेवायचं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची 'ब' पातळी पाचवीला आणि 'क' पातळी आठवीला समकक्ष आहे. तिथली दहावी चौदा पूर्ण झाल्यावर देता येते: किमान पाच विषय, ३३ टक्क्यांना पास, नोंदणी पाच वर्षांची, संधी नऊ. एकेक विषय सोडवता येतो, घरी शिकणाऱ्याला हे सोयीचं पडतं. राज्य मंडळाची दहावी हवी तर १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असली तरी तो आदल्या पावसाळ्यातच भरायला लागतो. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो.

दाखला शोधला तेव्हा खरी अडचण निघाली. वजाबाकी तीन आठवड्यांत सुटली, पण दाखल्यावर वडिलांचं नाव 'राव' लावून आणि आधारवर नुसतं. आजोबा मान खाली घालून म्हणाले, "ते राव मीच लावायला सांगितलं होतं मास्तरांना." जन्माचा दाखला 'राव'शिवाय निघाला, म्हणून आता आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीसाठी अर्ज करायचा आहे.