शू भांड्यात करतो, पण शीसाठी डायपरच मागतो. डायपर एकदम बंद करू का?

मुलगा पावणेतीन वर्षांचा, शू नीट भांड्यात करतो, पण शी आली की डायपर मागतो आणि तो घालून पडद्यामागे जाऊन उभा राहतो. जूनमध्ये बालवाडी आहे, म्हणून डायपर एकदम बंद करावा का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

आम्ही देवगड तालुक्यातले. डिसेंबरात घरातले डायपर संपले, मी मुद्दाम नवे आणलेच नाहीत. चार दिवस पठ्ठ्याने शी केली नाही. यायची, ते दिसायचं. भाताच्या कणगीला धरून उभा, पायांची कात्री, टाचा वर, तोंड लालबुंद. मला वाटायचं जोर लावतोय. तो दाबून धरत होता! पाचव्या दिवशी चड्डीला पातळ डाग लागायला लागले, तर मी पोट बिघडलं समजून भाजी-फळं बंद केली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, त्येका दुखता, म्हणान तो धरून ठेयता. आधी पोट साफ होवंदे, मगे शिकय." मी मनावर घेतलं नाही, आणि दोन दिवसांनी मुलांच्या डॉक्टरांकडून शब्दशः तेच ऐकून आले.

एकदा कडक शी होऊन दुखलं की मूल पुढच्या वेळी धरून ठेवतं. थांबलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक होते, आणखी दुखतं. मग त्या खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपते. ते जुलाब नसतात आणि मूल मुद्दामही करत नसतं, त्यावरून मी दिलेले दोन धपाटे अजून आठवतात. तेव्हा तुमच्याकडे शी मऊ होते का, रोज होते का, हे आधी बघा. कडक असेल तर डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या. आम्हाला लॅक्टुलोजचं सिरप दिलं होतं. आठवड्यात बरं वाटलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका, बरेचदा ते काही महिने चालू ठेवावं लागतं. आमच्याकडे दूधही फार होतं, दिवसाला चार बाटल्या. ते अर्ध्या लिटरच्या आत आणलं. मग पोटात जागा झाली आणि उकड्या तांदळाची पेज, लाल माठाची भाजी, परसातली पपई खायला लागला.

शी मऊ झाली तरी भीती लगेच जात नाही. म्हणून डायपर परत आणला. फक्त अट एकच, डायपर मिळेल, पण शी संडासातच करायची, उभ्याने का होईना. त्याला ते पटलं. आठवडाभराने डायपर घालूनच भांड्यावर बसायला लागला. मग मी डायपरला खाली कात्रीने भोक पाडलं. हसू नका, हाच उपाय चालला! डायपर अंगावर आहे म्हणून तो निश्चिंत आणि शी मात्र भांड्यात. भोक रोज थोडं मोठं करत गेले, शेवटी कमरेला नुसता पट्टा राहिला आणि एक दिवस तोच म्हणाला, "हे नको, टोचतंय." सगळं मिळून साडेतीन आठवडे लागले.

बसवायची वेळ म्हणजे जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. पाच मिनिटं बसवा, नाही झाली तर उठवा. आणि पाय लोंबकळता कामा नयेत. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आम्ही कमोड बसवलाय, त्यावर छोटी सीट ठेवली तरी याचे पाय अधांतरी. पाय टेकल्याशिवाय जोर कुठून लावणार? खाली जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवले, गुडघे कमरेच्या वर आले. (तान्हेपणी सासूबाई त्याला दोन्ही पावलांवर बसवून "श्शू" करायच्या, तीही उकिडवीच बैठक की.) कुणकेश्वरच्या जत्रेतली पिपाणी तिथेच खिळ्याला टांगली होती. फुंकताना पोटावर आपसूक जोर येतो आणि खालचं सैल पडतं. शेजाऱ्यांना मात्र आमच्याकडे कधी काय चाललंय ते कळायचं.

गणपतीत सगळं परत फिसकटलं. चाकरमानी आले, घरात सतरा माणसं, संडास एक आणि बाहेर सारखी कुणीतरी कडी वाजवतंय. आरती चालू असताना साहेब मागच्या पडवीत नारळांच्या ढिगामागे सापडले. आणखी चड्ड्या धुवून काय उपयोग, पावसात त्या वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर टाकल्या तर धुराचा वास. पाच दिवस गुपचूप डायपर लावला. विसर्जन झालं, पाहुणे गेले, पुढच्या आठवड्यात गाडी रुळावर.

बालवाडीचं म्हणाल तर आम्हालाही एका ठिकाणी "डायपर सुटल्याशिवाय आणू नका" असं सुनावलं होतं. त्या धाकाने घाई केली आणि वर लिहिलेला सगळा घोळ झाला. तुम्ही तिथे स्पष्ट विचारा, सकाळच्या दोन-तीन तासांचाच प्रश्न असेल आणि मुलगा शू नीट सांगत असेल तर बहुतेक निभावतं. शी तो घरी येऊन करेल.

रात्रीचा डायपर इतक्यात काढायला जाऊ नका, ते वेगळं प्रकरण आहे, पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं आजार धरत नाहीत. पण शीत रक्त दिसलं, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा वजन वाढेनासं झालं, तर पाट-पिपाणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.